एल सीड आणि अरबी अक्षरांच्या भिंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल सीड हे जगभरच्या भिंतींवर अरबी अक्षरं रंगवणारे फ्रेंच-ट्युनिशियन कलाकार. सुलेखनाच्या वर्गात मी दर वर्षी एक अख्खा दिवस त्यांच्या भिंतींसाठी ठेवतो. त्यानंतर आठवडाभर विद्यार्थ्यांचे, त्यांच्या पालकांचे आणि दुबईत राहणाऱ्या काही मराठी मित्रांचे प्रश्न येत राहतात. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एल सीड कोण आहेत? हे त्यांचं खरं नाव आहे का?

नाही, हे घेतलेलं नाव आहे. त्यांचा जन्म १९८१ सालचा, पॅरिसजवळच्या ल शेने या उपनगरातला. आईवडील ट्युनिशियाहून फ्रान्सला आलेले. शाळेच्या वयात त्यांनी कॉर्नेयचं ‘ल सिद’ हे सतराव्या शतकातलं फ्रेंच नाटक वाचलं आणि त्यावरून नाव घेतलं. हे नाटक एका स्पॅनिश योद्ध्याचं, आणि त्या योद्ध्याला मिळालेली ‘सिद’ ही उपाधी अरबी ‘सय्यिद’वरून आलेली. आपल्याकडे ‘सय्यद’ म्हणतात तोच हा शब्द. फ्रेंच नाटक, स्पॅनिश नायक आणि अरबी उपाधी, सगळं एकाच नावात आलं. त्यांच्यावर कुठल्या संस्कृतींचा प्रभाव आहे असं कुणी विचारलं की मी आधी या नावाची गोष्ट सांगतो.

२. ‘कॅलिग्राफिटी’ हा शब्द त्यांचाच आहे का?

नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनाला हे नाव दिलं गेलं होतं. पुढे २००७ च्या सुमारास आम्सटरडॅमचे नील्स ‘शू’ म्युलमन यांनी तो रूढ केला. कॅलिग्राफी म्हणजे सुलेखन आणि ग्राफिटी म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर रंगवलेली अक्षरं-चित्रं, यांचा जोडशब्द आहे हा. एल सीड यांनी तो अरबी अक्षरांसाठी इतका वापरला, की आज बरेच लोक त्यांनाच त्याचे जनक समजतात.

३. घरी अरबीच बोलत असतील ना? मग लिपी लहानपणापासूनच येत असणार.

हा गैरसमज मला सर्वांत जास्त भेटतो. घरात बोलली जायची ती ट्युनिशियाची बोली. अरबी लिहायला-वाचायला ते शिकले वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, स्वतःहून. फ्रान्समध्ये वाढलेल्या स्थलांतरितांच्या मुलांचा नेहमीचा पेच त्यांचाही होता. शाळेत कुणी पुरतं फ्रेंच समजत नाही आणि सुट्टीत गावी गेलं की तिथेही पाहुणाच. त्या पेचातून वाट काढायला त्यांनी लिपी धरली.

परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांकडे पाहा. आजीशी मराठी फाडफाड बोलतात, पण तिचं पत्र वाचता येत नाही. त्या मुलांना एल सीड यांची गोष्ट सांगितली की ती पटकन कळते. पुढचा भागही त्यांना सांगावा असा आहे. अरबी लिपी शिकल्यावर आपल्या फ्रेंच असण्याशीही आपलं पटायला लागलं, असं एल सीड सांगतात.

ग्राफिटी ते पॅरिसच्या परिसरात किशोरवयातच करत होते. शिक्षण मात्र व्यवसाय व्यवस्थापनाचं. नंतर कॅनडात मॉन्ट्रियलला गेल्यावर तिथल्या हेस्ट नावाच्या ग्राफिटी कलाकाराच्या संगतीत त्यांनी भिंतीवर अरबी लिहायला घेतलं. म्हणजे अरबी अक्षर भिंतीवर आलं ते फ्रेंच बोलणाऱ्या एका उत्तर अमेरिकी शहरात.

४. त्यांनी पारंपरिक अरबी सुलेखनाचं शिक्षण घेतलं आहे का?

नाही, आणि ते हे लपवत नाहीत. अरबी सुलेखनाची शिस्त फार कडक आहे. बोरूच्या टोकाने उमटणारा चौकट आकाराचा ठिपका हे तिथलं माप. ‘अलिफ’ या उभ्या रेघेसारख्या पहिल्या अक्षराची उंची किती ठिपक्यांची, अक्षराची वाटी किती ठिपके रुंद, हे सगळं ठरलेलं. दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्ला यांच्याकडे या मापांचं श्रेय जातं. गुरूपाशी बसून ही मापं हातात मुरायला वर्षं जातात.

एल सीड त्या वाटेने गेले नाहीत. त्यांची अक्षरं एकमेकांत विणलेली, टोकं लांब ओढलेली, आणि वजन ग्राफिटीच्या टॅगसारखं, म्हणजे ग्राफिटी करणारे भिंतीवर मारतात त्या सहीसारखं. परंपरेतल्या काही जाणकारांना हे खटकतं, आणि त्यांचं खटकणं मला समजतं. पण अक्षर दहा मजले चढतं तेव्हा ठिपक्याचं माप तसंही मोडून पडतं. खालून बघणाऱ्याच्या मानेचा कोन, भिंतीतल्या खिडक्या, बाजूचा रस्ता, हे नवे हिशेब मांडावे लागतात. एल सीड यांचा हात त्या हिशेबात तयार झाला आहे.

५. भिंतीवर काय लिहायचं, हे ते कसं ठरवतात?

माझ्या मते त्यांचं खरं कौशल्य इथे आहे, अक्षरांच्या वळणांपेक्षाही. ते आपल्या खिशातलं एकच वाक्य घेऊन जगभर फिरत नाहीत. जिथली भिंत, तिथलंच वचन शोधतात. ते त्या जागेबद्दल बोललं पाहिजे आणि बाहेरच्यालाही भिडलं पाहिजे, अशी दुहेरी अट असते.

पॅरिसच्या पाँ दे आर पुलावर प्रेमिकांनी लावलेल्या कुलुपांचं वजन फार झालं, म्हणून २०१५ मध्ये ती काढली गेली. रिकाम्या झालेल्या कठड्यावर काम करायला एल सीड यांना बोलावलं. त्यांनी बाल्झाकचं वाक्य घेतलं, पॅरिस हा थांग न लागणारा समुद्र आहे अशा अर्थाचं. वाक्य फ्रेंच लेखकाचं, लिहिलं अरबीत, आणि खालून सेन नदी वाहते. रिओ दि जानेरोच्या विदिगाल या डोंगरउतारावरच्या वस्तीत त्यांनी गाब्रिएला तोरेस बार्बोसा या ब्राझिलियन कवयित्रीच्या ओळी घेतल्या. केपटाउनजवळच्या फिलिपी वस्तीत शाळेची भिंत मिळाली, तिथे नेल्सन मंडेलांचं वचन: होईपर्यंत प्रत्येक गोष्ट अशक्यच वाटते. सौदी अरेबियातल्या अलउलाच्या वाळवंटात २०२० मध्ये त्याच भागातल्या जमील या प्राचीन कवीच्या प्रेमकवितेतून शिल्प केलं.

या यादीत एक गोष्ट दिसेल. लिपी प्रत्येक ठिकाणी त्यांची आहे आणि शब्द प्रत्येक ठिकाणी यजमानांचे. पाहुण्याने यजमानाच्या घरचं धान्य घेऊन आपल्या हातच्या पद्धतीने रांधावं, तसं हे आहे.

६. पण ब्राझीलच्या किंवा दक्षिण आफ्रिकेच्या माणसाला अरबी वाचताच येत नाही. मग उपयोग काय?

फिलिपीत हाच प्रश्न एका माणसाने त्यांना उभ्या उभ्या विचारला: इंग्रजीत का नाही लिहीत? एल सीड यांचं उत्तर होतं की तुम्ही झुलूत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्याच एका भाषेत, का नाही असं विचारलं असतं, तर तुमची हरकत मला रास्त वाटली असती. मी हे उत्तर वर्गात सांगतो तेव्हा दोन क्षण शांतता पसरते. इंग्रजी म्हणजे सगळ्यांची आणि अरबी म्हणजे परकी, हे आपण कधी ठरवलं?

त्यांचं म्हणणं असं की अरबी अक्षर डोळ्यांना कळण्याआधी मनाला भिडतं. मला हे अरबीपुरतं खरं वाटत नाही, सगळ्याच लिपींना लागू वाटतं. मोडीतलं जुनं खत आपल्यापैकी कितीजणांना लागतं? तरी ते समोर उलगडलं की आपण त्या लपेटीवरून नजर फिरवत राहतोच. मात्र इथे एक अट मी पक्की धरतो. न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिणाऱ्यावर जबाबदारी जास्त असते, कारण बघणारा त्याच्या शब्दावर विश्वास टाकून उभा असतो. मजकूर खरा, तपासलेला आणि तिथल्या लोकांना समजावून सांगितलेला हवा. नाहीतर ती नक्षी होते.

७. मशिदीच्या मिनारावर ग्राफिटी? त्यावर वाद झाला नाही का?

ट्युनिशियातल्या गाबेस शहराच्या जारा मशिदीचा हा मिनार. उंची पन्नास मीटरच्या आसपास. साल २०१२, रमजानचा महिना. गाबेस हे त्यांच्या कुटुंबाच्या मुळाकडचं शहर. त्याच वर्षी जूनमध्ये राजधानी ट्युनिसजवळच्या ला मार्सा इथे एका चित्रप्रदर्शनावर कट्टरपंथीयांनी हल्ला केला होता. क्रांती होऊन दीड वर्ष झालेल्या देशात कला आणि धर्म समोरासमोर उभे केले जात होते.

एल सीड इमामांकडे परवानगी मागायला गेले, तर इमाम म्हणाले की या ओक्याबोक्या मिनारासाठी कुणीतरी यावं याची ते कित्येक वर्षं वाट पाहत होते. त्यांनी ना कच्चं रेखाटन मागितलं, ना काय लिहिणार ते विचारलं. एल सीड यांनी कुराणातल्या ४९ व्या अध्यायातली १३ वी आयत निवडली: आम्ही तुम्हाला एका पुरुष आणि एका स्त्रीपासून निर्माण केलं, आणि तुमची राष्ट्रं आणि टोळ्या केल्या, त्या तुम्ही एकमेकांना ओळखावं म्हणून. मशिदीच्याच ग्रंथातलं वचन मशिदीवर, पण हात रस्त्यावरच्या चित्रकाराचा. भांडणाला जागाच उरत नाही अशी ही निवड आहे.

८. कैरोतल्या पन्नास इमारतींवर एकच चित्र आहे म्हणतात. ते कसं शक्य आहे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

कैरोच्या मोकत्तम डोंगराच्या पायथ्याशी मनशियत नासेर ही वस्ती आहे. इथले बहुसंख्य लोक कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन ख्रिस्ती परंपरेतले ख्रिश्चन. पिढ्यान्‌पिढ्या ते कैरोच्या दारोदारचा कचरा गोळा करतात, हाताने निवडतात आणि त्यातला बहुतेक भाग पुन्हा वापरात आणतात. शहर त्यांना ‘जब्बालीन’ म्हणतं, म्हणजे कचरेवाले. ते स्वतःला तसं म्हणवून घेत नाहीत. त्यांच्या बोलण्यात वस्तीची ओळख डुकरं पाळणाऱ्यांची. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने देशभरातली डुकरं मारायला लावली, तेव्हा ओला कचरा संपवणारी त्यांची सगळी व्यवस्थाच कोलमडली.

२०१६ मध्ये एल सीड यांनी इथे जवळपास पन्नास इमारतींवर मिळून एकच वर्तुळाकार लेख रंगवला. पांढरा, नारिंगी आणि निळा. मजकूर चौथ्या शतकातले अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथेनेशियस यांचा: ज्याला सूर्यप्रकाश स्वच्छ पाहायचा आहे, त्याने आधी आपले डोळे पुसावेत. ‘परसेप्शन’ हे त्या कामाचं नाव.

आता ‘कसं’ याकडे येतो. मोकत्तमच्या डोंगरावरून, एका ठरावीक जागेवरून पाहिलं की सगळे तुकडे जुळून लेख पूर्ण होतो. एक पाऊल डावी-उजवीकडे सरकलं की कडा निसटतात. मूळ कल्पना अशी, की त्या जागेवरून दिसणारं दृश्य हाच सपाट कागद मानायचा. त्यावर लेख आखायचा आणि मग कुठल्या इमारतीच्या कुठल्या वीट-सिमेंटवर कोणता तुकडा पडतो ते शोधायचं. पुढची इमारत जवळ असल्याने तिच्यावर पट्टा बारीक लागतो. मागची लांब, म्हणून तिच्यावर तोच पट्टा कितीतरी रुंद करावा लागतो. दोरीच्या पाळण्यावर लटकून रंगवणाऱ्याला तर समोर नुसता नारिंगी रंग दिसतो. आपण अक्षराच्या पोटात आहोत की शेपटीत, हे त्याला कळणारच नाही.

वर्गात मी हे करून दाखवतो. टेबलावर वेगवेगळ्या अंतरावर काड्यापेट्या, पुस्तकं, पाण्याची बाटली ठेवायची. एक डोळा मिटून, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवायची आणि दुसऱ्याला सांगत सांगत खडूने या सगळ्या वस्तूंवर मिळून एक ‘अ’ काढून घ्यायचा. बाटलीवर नुसती एक तिरकी रेघ येते, पुस्तकाच्या कण्यावर अर्धा काना. हनुवटी उचलली की ‘अ’ मोडतो. मुलं पुन्हा पुन्हा मान खाली-वर करत बसतात. पन्नास इमारती म्हणजे काय काम असेल, ते त्यांना तेव्हा उमगतं.

९. गरीब वस्ती रंगवून कलाकार प्रसिद्ध झाला, वस्तीला काय मिळालं?

विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. रंगाने गटार बांधलं जात नाही आणि कचरा निवडताना हाताला होणारी जखमही भरत नाही.

एल सीड स्वतः सांगतात की सुरुवातीला त्यांच्या मनात दुर्लक्षित वस्ती सुंदर करायची असा विचार होता. आधी त्यांनी वस्तीचे धर्मगुरू फादर समान यांची संमती घेतली, कारण त्यांच्या शब्दाशिवाय तिथे कुणी दार उघडलं नसतं. मग माणसांत राहिल्यावर त्यांना उमगलं की सुंदर करायची गरज वस्तीला नव्हतीच. पुसायला हवे होते ते बाहेरच्यांचे डोळे. हे लोक कचऱ्यात राहत नाहीत, कचऱ्यावर जगतात, हा फरक ते आवर्जून सांगतात. अथेनेशियसचं वचन पुन्हा वाचा. ते वस्तीला उद्देशून नाही, डोंगरावर उभं राहून खाली बघणाऱ्याला उद्देशून आहे. म्हणून मला हे काम प्रामाणिक वाटतं. पण ज्यांना तरी शंका वाटते त्यांनी ती सोडू नये. भिंत रंगवायला जाणाऱ्या प्रत्येकाने ती सोबत न्यावी.

१०. अरबी म्हणजे इस्लामी कला ना? मग ख्रिस्ती संताचं वचन कसं?

अरबी ही भाषा आणि लिपी आहे. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन अरबी बोलतात, त्यांची प्रार्थनाही मोठ्या प्रमाणात अरबीत होते. एल सीड मुस्लिम आहेत, वस्ती ख्रिस्ती आणि लिपी दोघांची. आपल्यालाही हे परकं वाटायचं कारण नाही. दौत आणि कलम हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले, आणि त्या दौतीत कलम बुडवून आपल्या पूर्वजांनी मराठी कागद लिहिले.

११. ते परवानगी घेतात का? कुणी भिंत पुसली तर?

मोठी कामं परवानगीनेच होतात. दोहातल्या सलवा रोडच्या भुयारी मार्गांतली २०१३ ची कामं तर कतारच्या संग्रहालय प्राधिकरणाने करून घेतली. मिनाराची परवानगी प्रश्न ७ मध्ये, कैरोची प्रश्न ९ मध्ये आली आहे.

पुसलं जाण्याचा एक किस्सा ते सांगतात. पॅरिसमधल्या एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी भिंत दिली होती. अरबी अक्षरं उमटायला लागताच ते संतापले आणि सगळं पुसायला लावलं. आठवड्याने आयोजकांचा निरोप आला की त्याच गृहस्थांच्या घरासमोर दुसरी भिंत मिळते आहे. रोज दारातून दिसणारी. आधी एल सीड यांच्या मनात त्यांना डिवचणारं काहीतरी लिहायचं आलं होतं. लिहिलं ते ‘मनाचं दार उघडा’ अशा अर्थाचं.

१२. दुबईत त्यांचं काही बघायला मिळेल का? म्युझियम ऑफ द फ्युचरवरची अक्षरं त्यांचीच ना?

नाही. त्या इमारतीवरचं सुलेखन अमिरातीचे कलाकार मत्तर बिन लाहेज यांचं आहे. ही गल्लत फार जण करतात. एल सीड यांचं काम बघायचं असेल तर दुबई ऑपेराजवळ जा. तिथे अक्षरांचं गुलाबी शिल्प उभं आहे. ते संध्याकाळी बघा आणि भोवती एक फेरी मारा. भिंतीवरच्या अक्षराला एकच बाजू असते. इथे अक्षराची पाठही दिसते आणि वाचण्याची दिशा आपल्या पावलांनी बदलते.

१३. मोठ्या ब्रँडसाठी काम करणाऱ्याला रस्त्यावरचा कलाकार म्हणायचं का?

लुई व्हिटाँसाठी त्यांनी २०१३ मध्ये स्कार्फ केला, गॅलऱ्यांतही त्यांची कामं असतात. मला यात वावगं वाटत नाही. क्रेन, रंग आणि मदतनीस यांचा खर्च कुठून तरी यावा लागतो. २०१७ मध्ये त्यांना अरब संस्कृतीसाठीचा युनेस्को-शारजा पुरस्कार मिळाला, तो मात्र स्कार्फमुळे नक्कीच नाही.

१४. मला त्यांच्यासारखी वळणं देवनागरीत आणायची आहेत. सुरुवात कुठून करू?

त्यांची वळणं उचलू नका. अरबी अक्षरं आडव्या बैठकीवर एकमेकांना धरून चालतात, आपली शिरोरेषेला लटकतात. अरबी झोके देवनागरीला लावले की अक्षर अवघडून उभं राहतं, शब्द वाचता येत नाही आणि चित्रही होत नाही. आपल्याकडे मोडी आहे. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जायचं. लपेटी काय असते हे तिथे शिका. जुन्या खतांची छायाचित्रं समोर ठेवून महिनाभर नुसती गिरवा.

एल सीड यांच्याकडून घ्यायचं ते प्रश्न ५ मधलं. हे मी स्वतः एका कोळीवाड्यात शिकलो. विद्यार्थ्यांना घेऊन भिंत रंगवायला गेलो होतो आणि घरूनच समुद्रावरची एक भारदस्त ओळ ठरवून नेली होती. चौकटी पाडून झाल्या, पहिला शब्द लागलाही. शेजारच्या ओट्यावर मांदेली साफ करत बसलेल्या आजींनी वाचायला लावलं, ऐकून घेतलं आणि विचारलं की यात आमचं काय आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तो शब्द चुन्याने पुसला आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. दोन दिवस त्या आणि त्यांच्या जावा मासळीची, जाळ्यांची, वाऱ्यांची नावं सांगत होत्या आणि मुली वहीत उतरवून घेत होत्या. शेवटी भिंतीवर ती नावंच गेली. एका नावातली वेलांटी चुकली होती, तीही आजींच्या नातीने दाखवून दिली.

१५. पहिली भिंत घेतोय. रंगाचं काय करू?

भिंत आधी हाताने चाचपा. दमट लागली किंवा पोपडे सुटत असतील तर थांबा. प्रश्न १४ मधल्या भिंतीवर आम्ही घाईने प्रायमर मारला आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर खालच्या तीन फुटांत पांढरा खार फुटला. पावसाळा पूर्ण संपू द्या, भिंत महिनाभर सुकू द्या, मग खरवडून प्रायमर, आणि त्यावर बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग. मोठ्या वळणांना रोलर, कडेला चपटा ब्रश. स्प्रे कॅन फक्त शेवटच्या हाताला, कारण समुद्राकाठच्या वाऱ्यात अर्धा रंग उडून जातो. आणि दर अर्ध्या तासाने खाली उतरून रस्त्याच्या पलीकडून बघा. आमच्या भिंतीवरचा ‘बोंबील’मधला ‘ल’ परांचीवरून ठसठशीत वाटत होता. पलीकडच्या पानाच्या टपरीवरून पाहिला तेव्हा तो पार आडवा पडलेला दिसला, आणि आम्ही तो तीनदा उभा केला.